कावीळ आणि दोन घरांचा मान

आमच्या गावात कावीळ आली तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे लोक तिला चक्क हसत होते. पाचोऱ्यापासून एसटीनं पाऊण तासावरचं आमचं गाव. ऐंशी साल उलटून बरीच वर्षं झाली होती, गल्लोगल्ली नळ आले होते आणि बायकांच्या डोक्यावरचे हंडे उतरले होते. ही कावीळ त्या नळांनीच आणली, गटारीतून गेलेल्या फुटक्या पाइपातून, पण ते कळायला अजून वेळ होता. तोवर स्टँडवर कुणी पिवळ्या डोळ्यांचा दिसला की बाकीचे त्याला विचारायचे, काय मग, रसवंतीवर खातं उघडलं का? उसाचा रस प्यायचा, भाजलेले हरभरे खायचे, पडून राहायचं आणि तेल-तिखट बंद करायचं, एवढाच उपाय सगळ्यांना ठाऊक होता. खानदेशातल्या माणसाचं तिखट बंद करायचं म्हणजे जन्मठेपच. कुणाच्या घरात शेवभाजीला फोडणी बसली की गल्लीतले पिवळे लोक दार लावून घ्यायचे.

शेजारच्या गावात एक म्हातारे काविळीचं औषध द्यायचे. रविवारी सकाळी उपाशीपोटी जायचं, ते दह्यातून कसलीशी मुळी उगाळून पाजायचे. पैसे घेत नसत, नारळ ठेवला की झालं. दर रविवारी त्यांच्या दारात बैलगाड्या, सायकली, ट्रॅक्टर अशी जत्रा भरायची. आणि लोक बरे होत होते हे काही खोटं नाही. आमचे हे तीन आठवडे पडून होते, मुळी घेतली, उठले आणि कापसाच्या गाडीवर गेले. आमच्या घरात मग त्या म्हाताऱ्यांचं नाव निघालं की सासूबाई हात जोडायच्या. ही कावीळ धडधाकट माणसाची बहुतेक वेळा आपली आपणच उतरते, हे मला फार उशिरा एका डॉक्टरनं सांगितलं. तेव्हा सांगितलं असतं तरी ऐकलं कोणी असतं म्हणा.

मी माहेरची जळगावची, पिंप्राळ्याची. मॅट्रिक झालेली आणि तोंडाची फटकळ. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी सांगून टाकलं होतं की या घरात सुनेनं बोलायच्या आधी पाणी प्यावं. मी पाणी प्यायचे आणि मग बोलायचे. सासऱ्यांना सगळं गाव नाना म्हणायचं. कापसाची चांगली शेती, कुणाचं देणं नाही, मनानं मोठा माणूस. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की म्हाताऱ्यानं पैशाकडे पाहिलं. तसं नव्हतं. तसं असतं तर मला राग धरायला सोपं गेलं असतं.

त्या फेब्रुवारीत माझी नणंद बाळंतपणाला आली. नानांची एकुलती लेक, धुळ्याकडच्या एका गावात दिलेली. जावई धुळ्यात नोकरीला होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा आमच्याकडचा रिवाज, म्हणून सातवा लागल्यावर नाना स्वतः जाऊन तिला घेऊन आले. गावात कावीळ आहे, थोडं थांबू या का, असं मी म्हटलं होतं. सासूबाई म्हणाल्या, मुहूर्त काढून सांगितलंय, आता नाही म्हटलं तर व्याह्यांना वाटेल लेकीचं करायला अंग चोरतात.

इथे मला नणंदेच्या लग्नाचं सांगावं लागेल. लग्नात व्याह्यांच्या थोरल्या भावाला टॉवेल-टोपी द्यायची राहून गेली होती. गर्दीत राहिली, मुद्दाम कुणी केलं नव्हतं. पण पंगत बसलेली असताना ते लोक पानावरून उठले. नानांनी भर मांडवात हात जोडले. मग पुढे व्याह्यांनाच, म्हणजे नाना ज्यांना आबा म्हणायचे त्यांना, आपल्या भावाचं वागणं लागलं आणि ते स्वतः येऊन माफी मागून गेले. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांशी इतकी जपून वागायची की बघणाऱ्याला घुसमटायला व्हावं. सणाला त्यांची साडी आली की आमची त्याहून भारी गेलीच. कुणी कुणाच्या शब्दापुढे जायचं नाही.

नणंद माझ्याहून चार वर्षांनी लहान. हसरी, आळशी, तिखट-मीठ घालून कुटलेल्या चिंचेच्या बोटकावर जीव टाकणारी. दुपारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून सासरच्या नकला करायची, आणि शेवटी स्वतःच म्हणायची की वहिनी, माणसं चांगली आहेत हो, मी उगीच बोलते. आल्यानंतर महिनाभरात तिला मळमळायला लागलं. पोटुश्या बाईला मळमळणारच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग एका सकाळी अंगणात वेणी घालताना मला तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसला. मी हातातला कंगवा खाली ठेवला. ती म्हणाली, वहिनी, मला पुन्हा हळद लागली म्हणायची, आता तुमच्या नंदोईंना बोलवा, मांडव घालू. मीही हसले. पण आतून घाबरले होते.

रविवारची मुळी तिला मिळाली. दोन रविवार मिळाली. रंग उतरायच्या ऐवजी चढत गेला. शेवटी मी यांच्या मागे लागून तिला पाचोऱ्याला डॉक्टरांकडे न्यायला लावलं. नाना बरोबर आले. डॉक्टरांनी डोळे पाहिले, पोटावर हात ठेवला, रक्त काढून घेतलं आणि दुपारनंतर आम्हाला परत बोलावलं. तिला त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवलं.

"बाकी गावाची कावीळ वेगळी आणि पोटुश्या बाईची वेगळी," ते म्हणाले. "हिचं रक्त गोठायला वेळ लागतोय. जळगावच्या मोठ्या दवाखान्यात न्या. आजच न्या."

नानांनी खर्चाचं विचारलं. डॉक्टरांनी सगळं सांगितलं, खाटेचं भाडं, रक्ताच्या बाटल्या, बाळंतपण लवकर करावं लागलं तर त्याचं, बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर त्याचं वेगळं. सगळं मिळून कापसाच्या पैशांतला मोठा हिस्सा जाणार होता. नाना मान हलवत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, एवढं केल्यावर पोरगी घरी येईल ना, एवढं सांगा.

"ते मी सांगू शकत नाही नाना. अर्धी आशा धरा. घरी ठेवलीत तर तीही धरू नका."

येताना एसटीत नाना खिडकीबाहेर बघत बसले होते. मला वाटलं, घरी जाऊन कपडे भरायचे आणि निघायचं. मी मनात पिशवीसुद्धा भरली होती, दोन लुगडी, तांब्या, जुन्या धोतराची बाळोती.

घरी आलो तर ओट्यावर गल्ली जमलेली. आणि मग सुरू झाला हिशोब, पैशांचा नव्हे, माणसांचा. वरच्या आळीतल्या एका पोटुश्या बाईला जळगावला नेलं होतं, ती परत आली ती चादरीत. दुसरीला धुळ्याला नेलं, तीही तशीच आली. खालच्या आळीतली एक सून मात्र कुठेच गेली नाही, घरीच मुळी घेतली, आणि तिला मुलगा झाला, दोघं ठणठणीत. म्हणजे बघा, लोक म्हणत होते, दवाखान्यात गेल्या त्या गेल्या आणि घरी राहिली ती वाचली. वर पैसाही गेला. मी सांगून दमले की अहो, त्या दोघींना शुद्ध हरपल्यावर नेलं होतं, गाडीत घालतानाच त्या ओळखत नव्हत्या, त्याला दवाखाना काय करणार. यावर एक चुलत सासूबाई म्हणाल्या की तू शहरातली, तुला दवाखानाच दिसणार. मी पाणी न पिताच त्यांना उत्तर दिलं आणि यांनी मला आत पाठवलं.

खरं सांगायचं तर नानांचा त्या हिशोबावर पुरता विश्वास नव्हता. त्यांचं घोडं दुसरीकडेच अडलं होतं. रात्री जेवताना ते यांना म्हणाले, लेक आपली असली तरी आता माणूस त्यांचं. अर्ध्या आशेवर मी तिला कुठे नेली आणि तिथे काही कमीजास्त झालं, तर आबा म्हणतील आम्हाला न विचारता नेली. सरकारी दवाखान्यात नेली तर म्हणतील पैसा वाचवला. मोठ्यात नेली आणि हातची गेली तर म्हणतील, घरी राहून गावभर लोक बरे झाले, हिला कशाला हलवली. त्यांना बोलावू, एकत्र बसून ठरवू. यांना ते पटलं. सासूबाई डोळे पुसत भाकरी मोडत होत्या. दुसऱ्या दिवशी पोस्टातून जावयाच्या ऑफिसात फोन लावला आणि निरोप गेला.

शनिवारी सकाळी आबा आणि जावई आले. मला वाटलं, आता अर्ध्या तासात सुटलं. पण व्याही घरात आले होते. पाय धुवायला पाणी, चहा, गावाकडची ख्यालीखुशाली, पाऊसपाणी, सगळं रीतीनं झालं. आबा आत येऊन सुनेच्या डोक्यावर हात ठेवून गेले, तिनं पडल्यापडल्या पदर घेतला. मग वरण-बट्टीचा बेत ठरला, कारण व्याह्यांना साधं जेवण कसं घालणार. बट्टी म्हणजे कणीक मळा, उकडा, कापा, तळा. घरात माणूस पिवळं पडून राहिलंय आणि मी तुपात बट्ट्या तळतेय. हात चालत होते आणि डोकं नुसतं फणफणत होतं.

ओट्यावरचं बोलणं मला चुलीपाशी ऐकू येत होतं. नानांनी डॉक्टरांचं म्हणणं अक्षर न गाळता सांगितलं. खर्च सांगितला, अर्धी आशा सांगितली, वरच्या आळीतल्या दोघींचं सांगितलं, खालच्या आळीतलीचंही सांगितलं. घरात आम्ही अहिराणीच बोलतो, त्या दोघांची वाक्यं मला तशीच्या तशी आठवतात.

"आबा, आते ती तुम्हना घरनी शे," नाना म्हणाले. "तुम्ही म्हणशात तसं करू."

"पहिलं बाळंतपण माहेरनं, नाना. तुम्हनी अंडेर, तुम्हीच ठरावा."

अंडेर म्हणजे लेक. हे दोन्ही बाजूंनी किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. तुमची लेक, तुमची सून. तुमचा शब्द, नाही तुमचाच शब्द. कुणाच्याही आवाजात खोट नव्हती. आबा खरोखर घाबरत होते की आपण दवाखाना म्हटलं तर नानांवर खर्च लादल्यासारखं होईल, आणि नको म्हटलं तर सुनेवर पैसा लावायला नको म्हणाले असं होईल. नानांची भीती तर मी सांगितलीच. जावई खाली मान घालून चटईची काडी मोडत होते. मी पाणी द्यायला गेले तेव्हा हळूच म्हटलं, तुम्ही तरी बोला, बायको तुमची आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं आणि पेला तोंडाला लावला. मोठ्यांपुढे नवऱ्यानं बायकोची काळजी बोलून दाखवायची नसते, असलं शिकवलेला माणूस. मला त्यांची कीवही आली आणि दोन थोबाडीत द्याव्याशाही वाटल्या.

दुसऱ्यांदा मी बाहेर आले ती कणकेच्या हातानंच.

"नाना, ती कोणाची ते मागून ठरवा. आधी गाडी सांगा."

नाना रागावले नाहीत, ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता उठतील. तेवढ्यात आबा समजुतीच्या स्वरात म्हणाले की सूनबाई हुशार आहे, जीव तुटतो म्हणून बोलते. झालं. त्या मोठेपणाला उत्तर म्हणून नानांना माझ्या वतीनं ओशाळावं लागलं, यांनी मला डोळ्यांनी आत जायला सांगितलं, आणि बोलणं पुन्हा रीतीवर गेलं. जेवणं होईपर्यंत दोघांनी मिळून एक वाट काढली. उद्या रविवार आहे, आणखी एक मुळी देऊन बघू, सोमवारी उतार नाही दिसला तर जळगाव. या वाटेत दोघांचाही शब्द खाली पडत नव्हता. दोघांचे चेहरे मोकळे झाले. आबांनी बट्टी मागून घेतली.

मी आतल्या खोलीत गेले. तिनं सगळं ऐकलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडली होती, तशीच म्हणाली, "माले कोनी इचारं का वहिनी?"

मी म्हटलं, मी विचारते, तुला जायचंय का? ती वळली. ओठ सुकलेले, गालांवरसुद्धा तो रंग आलेला. जायचंय म्हणाली. पोटावर हात ठेवून म्हणाली की हे आत कमी हलतंय, मला भीती वाटते. मी उठले तशी तिनं माझा पदर धरला. पण हे मी म्हटलं असं कुणाला सांगू नका, ती म्हणाली. सासरी वाटेल की हिनंच माहेरच्यांना खर्चात घातलं, आणि नानांना वाटेल की ठरलेलं मोडून व्याह्यांसमोर खाली पाहायला लावलं. बघा म्हणजे. अंथरुणात जीव अडकलाय आणि ही पोरगी दोन्ही घरांचा मान सांभाळत होती. मी तिचं ऐकलं नाही, यांना जाऊन सगळं सांगितलं, तिचं नाव घेऊन सांगितलं. यांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं. नाना म्हणाले की आता आबांसमोर ठरलंय, लगेच फिरवलं तर त्यांना वाटेल आपण त्यांच्या मागे वेगळं ठरवतो. एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

रविवारी मुळी दिली. ती दह्यासकट उलटून पडली. संध्याकाळी नणंद वेणी घालायला बसली, घालायची आणि सोडायची, पुन्हा घालायची. मी हात धरला तर म्हणाली शाळेची घंटा झाली. सोमवारी उजाडताना तिनं सासूबाईंना ओळखलं नाही, स्वतःच्या आईला. हिरड्यांतून रक्त येत होतं.

मग कुणी कुणाला विचारलं नाही. आबांनीच धावत जाऊन जीप आणली. नाना अनवाणी बसले. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, दुपारच्या गप्पांना घ्यायचे तसंच, आणि जळगाव येईपर्यंत तिच्याशी बोलत राहिले. काय काय बोलले देव जाणे. तिच्या सासूबाईंच्या नकलाही करून दाखवल्या. ती अधूनमधून हुंकार द्यायची.

दवाखान्यात त्यांनी हयगय केली नाही. रक्त चढवलं, नळ्या लावल्या, दोन डॉक्टर तिच्यापासून हलले नाहीत. मंगळवारी दुपारी ती गेली. बाळ तिच्याआधीच पोटात गेलं होतं.

मी त्यातल्या वयस्कर डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं आणि विचारलं, शनिवारी आणलं असतं तर? त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, बाई, सांगता येत नाही. लवकर आलेल्याही काही जातात आणि उशिरा आलेली एखादी वाचते. पण तिला तिची संधी मिळाली असती. हे वाक्य मी घरी कुणालाच सांगितलं नाही. नाना पुढे पंधरा-सोळा वर्षं जगले आणि मला कितीदा तरी वाटलं की सांगावं, रागाच्या भरात तर जिभेवर आलं होतं. पण मग ते ओट्यावर एकटे बसलेले दिसायचे आणि मी पाणी पिऊन गप्प राहायचे. माझा राग मात्र गेला नाही. आजही कुणाच्या घरी आजारी माणूस असलं आणि पाहुण्यांचं तुम्ही म्हणाल तसं चालू झालं की मी मध्येच उठून गाडीचं विचारते.

पैसे भरायला नाना आणि आबा खिडकीपाशी गेले. सासूबाई, जावई आणि आम्ही बाकीचे समोरच्या बाकावर होतो. नानांनी कापसाचे पैसे आधीच बँकेतून काढून ठेवले होते, ते कमरेच्या पिशवीत आणले होते. आबांनीही आणले होते, रुमालात गाठ मारून. ते म्हणे शनिवारी येतानाच घेऊन आले होते. दोघांनीही महिनाभर दवाखान्यात राहायची तयारी ठेवली होती. खिडकीतल्या माणसानं आकडा सांगितला तो इतका लहान होता की नानांनी तो पुन्हा विचारला. एका दिवसाचं कितीसं होणार.

नानांनी पिशवी सोडली तसा आबांनी त्यांचा हात धरला. माझ्या घरची लक्ष्मी होती, म्हणाले, तुम्ही पैसे दिलेत तर मी गावात तोंड कसं दाखवू. नाना म्हणाले, माझी लेक होती, माझ्या घरात होती, हात सोडा आबा. दोघं रडत होते आणि एकमेकांचा हात मागे सारत होते. माझी, माझी म्हणत होते. खिडकीतला माणूस पेन धरून थांबला होता.

सासूबाई व्याह्यांसमोर जन्मात कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर न सावरताच मान वर केली.

"हाई तव्हय बोलाले पाहिजे व्हतं."

दोघांचे हात तिथेच थांबले. पैसे शेवटी जावयानं भरले. शर्टाच्या खिशात पगारातले उरलेले होते तेवढेच काढून दिले, आणि ते पुरले.